लादी खचली, खाली पाणी: आधी बाहेरची वाट, मग घरातली जमीन

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. दहिसर गावठाणात आजोबांनी बांधलेलं बैठं घर, साधारण सहाशे फुटांचं. भिंती विटांच्या, चुन्यातल्या, वर मंगलोरी कौलं, मधे दोन सागवानी खांब. समोरचा रस्ता दोन वेळा उंचावला आणि जोतं आता रस्त्याच्या बरोबरीला आलंय. चार-पाच वर्षांपासून भिंतींना तीन फुटांपर्यंत ओल, रंगाचे पोपडे, घरात कुबट वास. यंदा जुलैत न्हाणीघराच्या दाराजवळची लादी खचली. खाली कोपरापर्यंत हात जाईल एवढी पोकळी निघाली आणि तळाशी पाणी. कंत्राटदार म्हणतो, पोकळीत सिमेंटचं ग्राउट (पातळ कालवलेलं सिमेंट) मारू, वर नवीन टाइल्स बसवू, भिंतींना वॉटरप्रूफ प्लास्टर करू, गणपतीच्या आत काम संपवतो. करू का, असं तुम्ही विचारताय.

नका करू. गणपतीच्या आत तर नाहीच नाही.

सव्वीस वर्षं मी मुंबईतल्या बैठ्या घरांची आणि चाळींची दुरुस्ती करतोय, आणि त्यातली बरीच वर्षं असं घाईनं बंद केलेलं काम पुन्हा उकरण्यात गेली आहेत. लादीखाली पोकळी झाली याचा अर्थ तिथला भराव कुठेतरी वाहून गेला. माती नुसती बसली असती तर दोन बोटं फट पडली असती, हातभर खड्डा पडला नसता. माती गेली म्हणजे ती जायला भोक आहे, आणि ते भोक अजून उघडं आहे. त्यात ग्राउट ओतलं तर ते पोकळी भरेलच असं नाही, ते भोकातून वाट काढेल. कुर्ल्याला मिठीच्या बाजूच्या एका घरात असंच झालं होतं. आधीच्या ठेकेदारानं सात गोणी सिमेंट ओतलं, त्यातलं निम्मं सांडपाण्याच्या पाइपात जाऊन दगड झालं. मी लादी उचलली तेव्हा खाली एक गुळगुळीत ओला बोगदा होता, घुशीनं पाइपच्या कडेनं उकरलेला. आत नारळाची करवंटी, प्लास्टिकच्या चिंध्या, आणि जुन्या चिनी मातीच्या पाइपचा जोड बोटभर उघडा. घरात कोणी बादली ओतली की त्या फटीतून पाणी बोगद्यात यायचं आणि परत पाइपात ओढलं जाताना चमचाभर माती घेऊन जायचं. दहा वर्षं हे चाललं होतं. घरातली बाई रोज त्याच लादीवर उभी राहून भांडी घासायची.

सध्या पाऊस चालू आहे, म्हणून आज करायच्या गोष्टी आधी सांगतो. खचलेल्या जागेच्या आजूबाजूला पहारीच्या दांड्यानं किंवा काठीनं लाद्या ठोकून बघा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कानाला लगेच कळतो. पोकळ भागाभोवती खडूनं रेघ मारा, त्या रेघेच्या आतलं कपाट, फ्रीज, पाण्याचा पिंप हलवा आणि खड्ड्यावर जाड प्लायवुड टाका. जमिनीलगतचे विजेचे पॉइंट बंद करा आणि बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तो याच आठवड्यात बसवून घ्या. ओल्या जमिनीच्या घरात नुसत्या एमसीबीवर (जास्त लोड आला की पडणाऱ्या स्विचवर) भरवसा ठेवता येत नाही, कारण एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. भिंतीवर तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा. तडा खुणेच्या पुढे गेला, किंवा एखादं दार अचानक चौकटीत अडकायला लागलं, तर मला विचारत बसू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. आणि त्या पाण्यात उघडा हात घालू नका. उंदीर-घुशींच्या मुताळ्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, हे मुंबईत वेगळं सांगायला नको. तुमचा हात गेलाच आहे, तेव्हा ताप आला तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

आता निदान. यात घाई करू नका, कारण पुढचा सगळा खर्च यावर ठरतो.

त्या खड्ड्यात एक लाकडी फूटपट्टी उभी रोवा. आठ दिवस, दिवसातून चार-पाच वेळा, पाणी किती इंचावर आहे ते वहीत लिहा. शेजारी त्या दिवसाचा पाऊस, नळाला पाणी यायची वेळ, घरात धुणी-अंघोळी झाल्याची वेळ आणि भरतीची वेळ लिहा. भरतीच्या वेळा पावसाळ्यात रोजच्या पेपरात येतात. आठ दिवसांनी ती वही तुम्हाला स्वतःच उत्तर सांगेल. नळ यायच्या तासाभरात पाणी चढत असेल आणि नंतर उतरत असेल, तर पालिकेच्या पाण्याची तुमची लाइन जमिनीत फुटली आहे. अंघोळी आटोपल्यावर चढत असेल तर सांडपाण्याचा पाइप. जोराची सर आल्यावर अर्ध्या तासात चढत असेल तर कौलांचं आणि गल्लीचं पाणी जोत्यातून आत येतंय. पाऊस दोन दिवस उघडला तरी पातळी हलतच नसेल तर ती जमिनीतल्या पाण्याची पातळी आहे. आणि मोठा पाऊस व मोठी भरती एकत्र आली की न्हाणीच्या जाळीतून गुडगुड ऐकू येऊन पाणी चढत असेल, तर बाहेरचं गटार तुमच्या घरात उलटं येतंय. बहुतेक घरांत यातली दोन कारणं एकत्र सापडतात. तुमच्याकडे वर्षभर वास असतो असं लिहिलंय, त्यावरून एक कारण सांडपाण्याचं असणार असं मला आत्ताच वाटतंय.

पक्कं करायला दोन साध्या चाचण्या आहेत. नळाला पाणी असताना घरातले सगळे नळ आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून मीटर बघा. काटा फिरत राहिला तर मीटर आणि घर यांच्यामध्ये गळती आहे. आणि न्हाणीत एक बादली पाण्यात चांगला गडद खायचा रंग कालवून ओता, मग खड्ड्यात बॅटरी मारून बघत बसा. रंग खाली आला की पाइपचा गुन्हा सिद्ध झाला.

नळाची लाइन फुटलेली निघाली तर ती दुरुस्ती उद्यावर टाकू नका, मग पाऊस असो की नसो. मुंबईत पाणी ठरावीक तासच येतं. उरलेला वेळ पाइप रिकामा असतो आणि त्याच भोकातून खड्ड्यातलं घाण पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी तेच पहिलं पाणी तुमच्या पिंपात येतं. तोवर पाणी उकळून प्या.

पावसाच्या पाण्याचा हिशेब एकदा मांडून बघा, म्हणजे पन्हळ आणि गटार कशाला एवढं महत्त्वाचं ते पटेल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं छप्पर सुमारे ५६ चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबईत तो दर वर्षी पडतो, की त्या एका तासात २,८०० लिटर पाणी तुमच्या चार पाख्यांवरून खाली येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंदला गेला. तेवढा पाऊस तुमच्या छपरावर पडला तर त्रेपन्न हजार लिटरच्या आसपास पाणी होतं. शहरातली जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर धरून आखलेली होती. मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानंतर ती ५० मिलिमीटरसाठी वाढवायचं काम हाती घेतलं गेलं. त्यातून समुद्राला मोठी भरती असली की पाणी सोडणारी तोंडंच पाण्याखाली जातात आणि गटारातलं पाणी जागच्या जागी थांबतं. म्हणून तुमच्या घरापुरती तरी व्यवस्था अशी हवी की बाहेरचं गटार तासभर तुंबलं तरी ते पाणी जोत्यात शिरणार नाही.

काम बाहेरून सुरू करा. नवरात्र उलटलं, जमीन वाळायला लागली की.

कौलांच्या पागोळ्या कुठे पडतात ते बघा. भिंतीच्या पायाशी ओळीनं खळगे पडले असतील तर ते पाणी गेली कित्येक वर्षं थेट पायात मुरतंय. चारही बाजूंनी पन्हळ लावा, उतार देऊन, आणि उतरत्या पाइपचं तोंड गल्लीच्या गटारात सोडा. सांडपाण्याच्या चेंबरमध्ये मात्र ते कधीही सोडू नका. मुंबईत पावसाचं पाणी आणि मैलापाणी यांच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. पन्हळ चेंबरला जोडलं की पहिल्याच मोठ्या सरीत चेंबर भरून तेच पाणी तुमच्या न्हाणीतून वर येतं. दहापैकी चार घरांत मला ही जोडणी सापडते आणि प्रत्येक वेळी घरमालक म्हणतो की प्लंबरनं जवळ पडतं म्हणून केलं.

घराभोवतीच्या गल्लीत भिंतीलगत तीन फूट रुंद कोबा करा, भिंतीपासून बाहेर एक इंच उतार देऊन, आणि त्याच्या कडेला उघडं गटार, वर काढता येईल अशी जाळी. जमिनीतलं पाणी हे कारण निघालं असेल तर कोब्याच्या आधी एक चर खणावा लागेल: तळाला खडी, त्यात भोकांचा पाइप, भोवती पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड, वर पुन्हा खडी. पाइपचा उतार गटाराकडे, आणि गटार वर राहत असेल तर कोपऱ्यातल्या सम्पकडे, म्हणजे पाणी गोळा करून पंपानं उपसायच्या खड्ड्याकडे. इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो. चर पायाच्या तळापेक्षा खोल न्यायचा नाही, आणि एका दमात सगळी भिंत उघडी करायची नाही. चार फूट खणा, भरा, मग मधले चार फूट सोडून पुढचे चार घ्या. गावठाणातल्या घरांचे पाये उथळ असतात, कधी जेमतेम दोन-अडीच फूट. ओल काढायला म्हणून अख्खी भिंत उघडी केली आणि एका रात्रीत ती बाहेर कलली, हे मी पाहिलंय. सुदैवानं घरात कोणी नव्हतं.

शोषखड्डा करा असं तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवेल. उंचावर, मुरमाड जमिनीत तो उत्तम चालतो. नदी आणि खाडीच्या जवळच्या सखल भागात जूनच्या अखेरीस जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की शोषखड्डा स्वतःच भरून बसतो. तुमच्याकडे त्याच्यावर खर्च करू नये असं माझं मत आहे. त्याऐवजी दोन बाय दोन फुटांचा, अडीच फूट खोल सम्प आणि त्यात फ्लोट असलेला अर्ध्या एचपीचा सबमर्सिबल पंप. पंपाचा पाइप रस्त्याच्या पातळीपेक्षा वर नेऊन मग खाली सोडा, नाहीतर तुंबलेलं पाणी त्याच पाइपानं परत येईल.

गटार उलटं येत असेल तर बाहेर जाणाऱ्या पाइपवर शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, तो पाणी फक्त बाहेर जाऊ देतो. बाहेरच्या पाण्यानं तो मिटलेला असताना तुमचंही पाणी बाहेर जाऊ शकत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. भरती ओसरेपर्यंत धुणी-अंघोळी थांबवायच्या.

मग सांडपाण्याचे पाइप. जुने चिनी मातीचे पाइप जोडून-सांधून ठेवण्यात अर्थ नाही, ते काढून जाड पीव्हीसीचे घाला. चार इंची पाइपला दर दहा फुटांना तीन इंच उतार द्या. वळण येईल तिथे चेंबर, न्हाणीच्या बाहेर गली ट्रॅप (वास आणि किडे अडवणारा, पाणी धरून ठेवणारा वाकडा जोड), आणि जिथे पाइप जोत्यातून बाहेर पडतो तिथली भिंतीतली पोकळी काँक्रीटनं पक्की बुजवा. घूस तिथूनच येते. पाइप झाकायच्या आधी खालचं तोंड बंद करून त्यात पाणी भरा आणि अर्धा तास बघा. पातळी उतरली तर जोड पुन्हा करा. मिस्त्री म्हणेल, काही गरज नाही साहेब. तरी भरा. आणि तुंबलेला चेंबर किंवा सेप्टिक टाकी असेल तर माणूस आत उतरवू नका. हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं ते बंद आहे, आणि त्या वायूनं माणसं खरोखर मरतात. बांबूच्या कामट्या वापरा किंवा जोराच्या पाण्यानं पाइप मोकळा करणारी जेटिंगची गाडी बोलवा.

आता कुठे घरातली जमीन. लाद्या काढायच्या आधी खांबांना टेकू द्या. तुमचे सागवानी खांब दगडी तळखड्यावर असतील. तळखड्याखालची माती गेली असेल तर खांब वरच्या आढ्यालाच लटकत असतो. खांबाच्या बुडाशी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर बूड कुजलंय, सुताराकडून तेवढा तुकडा कापून नवा सागाचा सांधावा लागेल. शहाबादी लाद्या असतील तर फोडू नका, एकेक उचलून नंबर घालून ठेवा. तशी जाडी आता बाजारात सहज मिळत नाही.

चिखल, कुजका भराव, जुने लाकडाचे तुकडे सगळं बाहेर. भिंतीच्या पायाखालून माती गेलेली दिसली तर तिथे नुसता भराव टाकून पुढे जाऊ नका. इंजिनिअरला दाखवून, दोन-दोन फुटांच्या टप्प्यांत काँक्रीटनं तो आधार भरून घ्या. त्यानंतर जमीन वाळू द्या. निदान एक महिना, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. या महिन्यात घरात राहणं कठीण आहे, त्याची सोय आधीच करा. वाळवीचं औषध याच टप्प्यावर होतं. चालू घरासाठीची पद्धत आयएस ६३१३ च्या भाग ३ मध्ये दिलेली आहे, पेस्ट कंट्रोलवाल्याला ते नाव सांगून विचारा.

भरावाला लाल माती नको, बांधकामाचा राडारोडा नको. टणक मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस. सहा इंचाच्या जागी दीड फूट एकदम टाकून वरून धुम्मस फिरवली तर वरचं कडक होतं आणि खालचं तसंच भुसभुशीत राहतं. तीन वर्षांनी लादी पुन्हा वाजायला लागते. मुरमावर दगडाची सोलिंग (रचून बसवलेला दगडांचा थर), त्यावर वाळूचा पातळ थर, मग २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, सांध्यांवर फूटभर एकमेकांवर घेऊन, आणि वर चार इंच काँक्रीट. छपराची उंची परवानगी देत असेल तर याच वेळी जमीन नऊ इंच वर घ्या. रस्ता पुन्हा खाली जाणार नाहीये. मात्र त्याआधी वॉर्ड ऑफिसमध्ये विचारा. साधी दुरुस्ती आणि बांधकामातला बदल यांत महापालिका फरक करते, आणि छप्पर किंवा भिंतींची उंची वाढवायला परवानगी लागतेच.

इथे एक धोका आहे जो बरेच जण सांगत नाहीत. जमीन खालून प्लास्टिकनं बंद केली की आधी लादीच्या फटींतून उडून जाणारी ओल भिंतींकडे वळते. बाहेरचा चर आणि कोबा झाला नसेल आणि तुम्ही फक्त आतली जमीन बंद केलीत, तर भिंतीची ओल तीन फुटांवरून चार फुटांवर जाईल. म्हणून मी बाहेरच्या कामावर एवढा अडून बसलोय.

भिंती सगळ्यात शेवटी. तुमच्या चुन्यातल्या विटेच्या भिंतीवर मागे कधीतरी सिमेंटचं प्लास्टर झालं असणार. तीन फुटांवरच्या ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत ते सगळं काढा आणि विटा उघड्या ठेवा. वर येणारा पांढरा लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा, पाण्यानं धुवायचा नाही, धुतला की तो विरघळून परत आत जातो. भिंत महिन्याला साधारण एक इंच वाळते असा आमचा अंदाज असतो. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तर चार-पाच महिने. मग चुन्याचं प्लास्टर आणि चुन्याचाच रंग. ऑइल पेंट, वॉटरप्रूफ प्लास्टर, भिंतीला टाइल्स यांतलं काहीही लावलं तर उरलेली ओल आत कोंडते आणि वरच्या बाजूनं बाहेर पडते. इंजेक्शननं केमिकल डीपीसी (ओल वर चढू नये म्हणून भिंतीत भरायचा अडथळा) करून घ्यायचा आग्रह झाला तर विटेच्या भिंतीत ते करता येतं, पण बाहेरचं काम झाल्यावर एक पावसाळा जाऊ द्या. अर्ध्याहून जास्त घरांत नंतर त्याची गरज पडलेली मी पाहिली नाही.

पैसे एकदम जमत नसतील तर यंदा ऑक्टोबर ते डिसेंबरात पन्हळ, गल्लीचा कोबा, गटार आणि पाइप एवढंच करा. खड्ड्याच्या जागी तात्पुरता मुरूम ठोकून भरा, वर जुनी लादी ठेवा. पुढच्या पावसाळ्यात तीच फूटपट्टी पुन्हा रोवता येईल अशी एक लादी सुटी ठेवा. आतली जमीन आणि भिंती पुढच्या वर्षी.

कंत्राटदाराला आत्ता एवढंच सांगा की दसऱ्यानंतर बोलू. आणि आठ दिवसांचे पट्टीवरचे आकडे मला कळवा, सोबत गल्लीचा आणि शेवटच्या चेंबरचा फोटो. नळ यायची वेळ लिहायला विसरू नका, माझी नजर आधी तिकडेच जाणार आहे.